घाटमाथ्यावर वारा खायला कसं जायचं

दर जुलैला आमच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो, "या वीकेंडला धबधबा कुठला?" आणि मी दरवेळी तेच लिहितो की धबधबा सोडा रे, वारा बघायला चला, मग दोघंजण हसायची इमोजी टाकतात आणि विषय संपतो. वारा काय बघायचा, तो दिसतो का, असं त्यांचं म्हणणं. दिसतो की. ऐकू येतो, अंगावर त्याचं वजन कळतं, आणि जुलैच्या मध्यावर पायथ्याच्या पाचनई गावाकडून हरिश्चंद्रगडावर चढून कोकणकड्याजवळ अर्धा तास नुसतं गप्प बसलात तर घरी आल्यावर पंखा पाचावर फिरवला तरी तो पंखा वाटत नाही. पण त्याची एक रीत आहे. ती नसेल तर माणूस नुसता भिजतो, कुडकुडतो, चार धुकट फोटो काढतो आणि खाली येऊन म्हणतो काही दिसलंच नाही यार.

तर मी दहा-बारा पावसाळे धडपडून जे शिकलोय ते लिहितो. सगळं सह्याद्रीपुरतंच आहे, हिमालयातलं मला विचारू नका.

आधी वर एवढा वारा का असतो ते बघू, कारण हे कळलं की जागा निवडणं सोपं जातं. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून जे नैऋत्येचे वारे येतात त्यांचा जोर जमिनीलगत सगळ्यात जास्त नसतो, तो असतो साधारण एक ते दीड किलोमीटर उंचीवर. आता आपले गड बघा. हरिश्चंद्रगड 1424 मीटर, कळसूबाई 1646. म्हणजे आपण गडावर चढून त्या वाहत्या पट्ट्यात सरळ डोकं घालतो. त्यात भर म्हणजे कोकणाच्या सपाटीवरून आलेला वारा सह्याद्रीच्या भिंतीवर आपटतो, बाजूला सरकायला जागा नसते म्हणून वर चढतो, चढता चढता गार होतो, त्याचा ढग होतो आणि तो ढग आपल्या नाकासमोर तयार होतो. जिथे भिंतीला नाळ किंवा खिंड आहे तिथे हाच वारा चिमटीत सापडल्यासारखा दुप्पट जोरात घुसतो. नाणेघाटात सातवाहनांच्या काळी जकात घेत असतील तेव्हा त्या बिचाऱ्यांचे हिशेबाचे कागद, म्हणजे जे काही असेल ते, कसे टिकत असतील असा प्रश्न मला दर पावसाळ्यात तिथल्या जकातीच्या दगडी रांजणाजवळ उभं राहिलं की पडतो.

यातून पहिली कामाची गोष्ट निघते. मोबाईलवरचं साधं हवामान ॲप तुम्हाला गडाच्या पायथ्याच्या गावाचा वारा सांगतं, वरचा नाही. ते म्हणतं ताशी 20 किमी आणि वर गेल्यावर टोपी उडून नगर जिल्हा ओलांडते. त्यासाठी विंडी ॲप उघडा आणि त्यात उंचीची पट्टी असते ती वर सरकवा, तिथे उंची हवेच्या दाबात लिहिलेली असते, 900 एचपीए (हेक्टोपास्कल) म्हणजे साधारण 1000 मीटरवरचा वारा आणि 850 म्हणजे साधारण 1500 मीटरवरचा. तुमच्या गडाच्या उंचीजवळचा आकडा बघा आणि वर हेही लक्षात ठेवा की वारा एकसारखा वाहत नाही, झोताने येतो आणि झोताचा वेग सरासरीच्या दीडपट सहज असतो.

आकड्यांचं काय करायचं? वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट झाला की धक्का चौपट. मी एकदा कागदावर मांडून बघितलं होतं, उभ्या माणसाला ताशी 40 च्या वाऱ्यात साधारण 5 किलोचा धक्का बसतो, 60 ला साधारण 12 किलोचा आणि 80 ला 20 किलोच्या आसपास. म्हणजे 40 ला मजा येते, 60 ला प्रत्येक पाऊल विचारून टाकावं लागतं आणि 80 ला तुम्ही चालत नसता, वारा तुम्हाला चालवत असतो. माझी मर्यादा मी अशी ठरवलीय की ॲपवर गडाच्या उंचीला 50 च्या वर सरासरी दिसली तर उघड्या धारेवर जायचं नाही, पायथ्याच्या गावात किंवा पठारावर बसून मजा घ्यायची. तुमची मर्यादा तुम्ही ठरवा पण घरी ठरवा, वर गेल्यावर सगळे शूर होतात.

आणि चक्रीवादळ हा प्रकार यात धरूच नका. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ धडकलं तेव्हा वारा ताशी 100 ते 110 किमीचा होता, म्हणजे आपल्या मजेच्या 40 च्या वाऱ्यापेक्षा सहा-सात पट धक्का, नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. तेव्हा घरात बसायचं, एवढंच.

कधी जायचं

आमच्याकडे अजून नक्षत्रांवर बोलतात आणि मला ते सोयीचंही वाटतं. मृगात वाऱ्याचा भरवसा नसतो, पाऊस पडला तर वळवासारखा गडगडाटी पडतो. आर्द्रात लय लागते. पुनर्वसू आणि पुष्य, म्हणजे तरणा आणि म्हातारा, साधारण 5 जुलै ते ऑगस्टच्या पहिल्या दोन-तीन दिवसांपर्यंत, हा वाऱ्याचा खरा सीझन. तेव्हा वारा दिवसरात्र पश्चिमेकडूनच येतो, दिशा बदलत नाही, त्यामुळे आडोसा कुठे मिळणार हे आधीच कळतं. दुसरी गंमत म्हणजे या दिवसांत घाटमाथ्यावर विजा फार कमी असतात, कारण ढग बुटके असतात, गडगडाट करायला जी उंची लागते ती त्यांना नसते. लोकांना वाटतं पाऊस जास्त म्हणजे विजा जास्त, पण भर जुलैत वर राहून आलेल्याला विचारा, रात्रभर वारा घोंघावतो, पाऊस झोडपतो, पण वीज एकही नाही.

विजेचे दिवस वेगळे, ते खाली लिहितो.

पाऊस किती हे मात्र बघाच. हवामान खात्याचा रेड अलर्ट असेल तर बेत रद्द, ऑरेंजला मी तरी ओढे ओलांडावे लागणारी कुठलीही वाट घेत नाही. 24 तासांत 204 मिमीच्या वर पाऊस म्हणजे अत्यंत मुसळधार, आणि घाटमाथ्याला हा आकडा काही दुर्मिळ नाही. शिवाय हल्ली जुलैत बऱ्याच ठिकाणी जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश असतात, गावात आधी फोन करून विचारलेलं बरं, पोलिसांनी फाट्यावरून परत पाठवलं की सगळा दिवस जातो.

कुठे जायचं

पहिल्यांदाच जात असाल तर थेट कड्यावर जाऊ नका. सासवडजवळचा मल्हारगड घ्या. तो घाटमाथ्यापासून बराच पूर्वेला आहे, तोवर ढगांनी आपलं पाणी आधीच सांडलेलं असतं, पण वारा तोच. जुलैत तिथे भणाण वारा आणि वर नुसते पळणारे ढग, कोरड्या कपड्यांत. किंवा साताऱ्याजवळ चाळकेवाडीचं पठार, गाडी वरपर्यंत जाते आणि पवनचक्क्यांची पाती इतक्या जवळून फिरताना ऐकणं हा वेगळाच अनुभव आहे, धुक्यात चक्की दिसत नाही, फक्त फूप... फूप... फूप असा आवाज डोक्यावरून येत राहतो.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे उलटे धबधबे. नाणेघाट, पाटण तालुक्यातलं सडावाघापूर, आंबोलीजवळची कावळेसाद. पाणी कड्यावरून खाली पडायला जातं आणि वारा त्याला उचलून परत वर फेकतो. इथे लोक एक चूक करतात, अतिवृष्टीच्या दुसऱ्या दिवशी जातात. तेव्हा ओढ्याला एवढं पाणी असतं की वाऱ्याला ते उचलत नाही आणि धबधबा मुकाट्याने खालीच पडतो. ओढा बारीक आणि वारा दांडगा असा दिवस पाहिजे. तो मिळाला की कड्यापासून बरंच मागे उभं राहिलं तरी पश्चिमेकडून आडवा पाऊस लागतो आणि वर बघावं तर आभाळ मोकळं असतं.

आणि मग कोकणकडा. पाचनईची वाट घ्या, ती सोपी. तोलारखिंडीची वाटही चालेल पण खिंडीनंतरच्या कातळावर ओला वारा बाजूने लागतो, नवख्यांना भीती वाटते. कोकणातून कड्याशेजारच्या घळीने चढणाऱ्या नळीच्या वाटेचं नावही पावसाळ्यात काढू नका.

अंगावर काय

पाचनईत मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हातात चांगली मोठी काळी छत्री होती, आजोबांची. ज्या घरी चहा घेतला तिथले मामा म्हणाले, "छत्री हितंच ठेवा पाव्हणं, वर गेल्यावर ती तुम्हाला घेऊन जाईल." मी हसलो आणि नेली. तिसऱ्या वळणावर ती उलटी झाली, चौथ्यावर तिच्या काड्या मोडल्या आणि मी उरलेली छत्री काठीसारखी टेकत वर गेलो. परत आल्यावर मामांनी काही विचारलं नाही, नुसतं इरल्याकडे बोट दाखवलं. बांबूच्या कामट्या आणि पानांचं ते इरलं भिंतीला टांगलेलं होतं. लावणीला वाकलेल्या माणसाच्या डोक्यापासून पाठीवरून खाली कमरेपर्यंत ते बसतं, वारा पाठीवरून घसरून जातो, त्याला आत शिरायला जागाच नाही. छत्री वाऱ्याला अडवते, इरलं वाऱ्याला वाट देतं.

तोच नियम कपड्यांना लावा. सैल पोंचो नको, तो शिडासारखा फुगतो आणि वर जो धक्क्याचा हिशेब लिहिलाय तो दुप्पट करून टाकतो. अंगाबरोबर बसणारा जॅकेट-पँटवाला रेनकोट घ्या, आत लवकर वाळणारा टीशर्ट, जीन्स तर अजिबात नको, ओली जीन्स म्हणजे पायाला बांधलेलं पोतं. सॅकचं रेनकव्हर दोरीने बांधा नाहीतर ते पॅराशूटसारखं जातं, माझी दोन गेली आहेत, कोकणात कुणाला निळं-केशरी सापडलं असेल तर ठेवा. कोरडा कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गाठ मारून सॅकच्या आत. चष्मेवाल्यांनी चष्म्याला दोरी लावायचीच.

आणि हसू नका, पण माकडटोपी. रेनकोटची टोपी कानाशी सतत फडफडते आणि तुम्ही एवढ्या लांब जाऊन वाऱ्याचा आवाज न ऐकता प्लास्टिकचा ऐकता. माकडटोपी गप्प बसते.

कड्यावर बसायचं कसं

बहुतेक लोक सरळ टोकावर जातात, हात पसरतात, फोटो काढतात, परत. टोकावर वारा सगळ्यात छान कळतो हा गैरसमज आहे. दरीतून वर उसळलेला वारा कड्याच्या धारेवरून मागे येताना जमिनीला चिकटून वळत नाही, तो डोक्यावरून उडी मारतो. त्यामुळे धारेच्या जरा मागे बऱ्याचदा एक शांत पट्टा असतो. तो शोधा. बसून, सरकत सरकत. सापडला की अचानक कानातला गोंगाट बंद होतो, कुणीतरी खोलीचं दार लावल्यासारखा. आता बसल्या जागेवरून हात हळूहळू वर न्या. कोपर शांत, मनगट शांत, आणि मग बोटांच्या टोकांना वारा पकडतो आणि मागे ओढतो, तुमच्या हाताच्या लांबीत इकडे दुपारची झोप आणि तिकडे वादळ. मी एका मित्राच्या दहा वर्षांच्या मुलीला हे करायला लावलं होतं, तिने वीस मिनिटं दुसरं काही केलं नाही.

त्या पट्ट्यातलं गवत बघा. कधी कधी पाती दरीकडे झुकलेली दिसतात, वारा समोरून येत असताना. म्हणजे वरून गेलेला वारा मागे गोल फिरून जमिनीलगत उलटा येतोय, तुम्हाला पाठीमागून हलकेच दरीकडे ढकलतोय. हे दिसलं की अजून मागे सरका.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. समोरून वारा असला की माणूस आपोआप पुढे रेलतो, आणि रेलायला मस्त वाटतं, भिंतीला टेकल्यासारखं. पण ती भिंत झोताची आहे, दोन झोतांच्या मध्ये ती असतेच असं नाही. वारा एक सेकंद थांबला की तुम्ही पुढे, आणि पुढे कोकण आहे. रेलायची हौस असेल तर कड्यापासून चांगलं पन्नासेक मीटर मागे, सपाट सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी पठारावर भागवा, पडलात तर गुडघे खरचटतील फक्त. पोटावर झोपून खाली डोकावणं हे डिसेंबरचं काम, जुलैत कातळावर शेवाळ असतं. अर्थात डिसेंबरात वारा पूर्वेकडून येतो, म्हणजे पाठीमागून, तेव्हा झोपूनच बघायचं, उभं राहून नाही.

बसलात की किमान अर्धा तास बसा. मूठभर सुकं गवत कड्याच्या दिशेने सोडून द्या, ते वर वर चढत डोक्यावरून मागे जाईल. बाटलीचं झाकणभर पाणी टाका, तोंडावर येईल. बाटली किंवा वेफर्सचं पाकीट टाकून बघणारे पण असतात, त्यांच्याशी भांडायला मला आवडतं.

मग डोळे मिटा. आधी नुसता एकच घोंघाट वाटतो. दहा मिनिटांनी तो सुटा होतो. कड्याच्या खालच्या अंगाला एक जाड, खालच्या पट्टीतला आवाज असतो, तो दगडाचा. उतारावरच्या कारवीच्या झुडपांतून येणारा सळसळता, समुद्रासारखा, लाटेलाटेने चढणारा. आणि मधूनच एखाद्या कपारीतून शिट्टी. झोत यायच्या आधी कारवी आधी बोलते, मग गवत, मग तुमच्या अंगावर तो येतो, थोड्या वेळाने तुम्हाला तीन-चार सेकंद आधी कळायला लागतं की आता येतोय. ढग फाटला तर डोळे उघडा, खाली कोकणातली भाताची खाचरं दोन सेकंद दिसतात आणि परत पांढरं. सकाळी लवकर, पाठीमागून ऊन आणि समोर खाली ढग असा योग आला तर आपलीच सावली ढगावर आणि भोवती गोल रंगीत कडं, इंद्रवज्र म्हणतात ते. पण त्याच्या आशेवर जाऊ नका, मला इतक्या वर्षांत एकदाच दिसलंय.

वळीव लांबून बघायचा

एप्रिल-मे आणि मृगाच्या आसपास, तसंच परतीच्या पावसात, हत्तीच्या म्हणजे हस्त नक्षत्राच्या पावसात, घाटमाथ्यावर जे वादळ होतं ते बघायला जुलैपेक्षाही देखणं असतं पण ते गडाच्या माथ्यावरून बघायचं नसतं. दुपारी ढग कोबीसारखा वर फुगत जातो, वरचा भाग ऐरणीसारखा पसरतो, मग वारा एकदम पडतो, पान हलत नाही, पाखरं गप्प. आणि मग गार झोत येतो. ढगातून पावसाबरोबर खाली कोसळलेली गार हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते, तिचा तो पुढचा पदर. आधी लांबवर धुळीची भिंत, मग मातीचा वास, मग अंगावर काटा. हे सगळं गावातल्या पक्क्या घराच्या ओट्यावरून किंवा गाडीच्या काचेतून बघा, त्यासारखं सुख नाही.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदांना एक किलोमीटर. 30 च्या आत आलं की आत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप आसपास वीज कुठे पडतेय ते दाखवतं, मोफत आहे, टाकून ठेवा. वर अडकलातच तर माथा आणि धार सोडून खाली उतरायचं, एकट्या झाडाखाली नाही, उथळ कपारीच्या तोंडाशी नाही, एकमेकांपासून अंतर ठेवून. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर तर अजिबात नाही. डोक्यावरचे केस उभे राहायला लागले तर गंमत म्हणून व्हिडिओ काढू नका, पळा.

थंडीचं लोक विसरतात

जुलैत वर तापमान 18-20 असतं, लोक म्हणतात यात कसली थंडी. ओले कपडे आणि 50 चा वारा असेल तर ते 18 तुम्हाला तासाभरात हुडहुडी भरवतं. दात वाजतात तोवर ठीक आहे. बोटांना चेन लावता येईना, माणूस बोबडं बोलायला लागला, उगाच चिडायला लागला की थांबा, आडोसा बघा, ओलं काढून कोरडं घाला, गूळ-शेंगदाणे किंवा चिक्की द्या, मिळाला तर गोड गरम चहा. कुडकुडणं आपोआप थांबलं आणि माणूस सुस्त झाला तर तो बरा होत नाहीये, बिघडतोय, त्याला ताबडतोब खाली न्यायची सोय करा. आणि दारूने ऊब येते म्हणणाऱ्याला ग्रुपमध्ये घेऊच नका.

तंबूबद्दल एकच सांगतो. एकदा आम्ही भाड्याने तंबू घेतला, देणारा म्हणाला वादळातही हलणार नाही. सड्यावर माती असते चार बोटं, खाली काळा कातळ, खुंट्या आत जाईनात, दगडांना दोऱ्या बांधल्या. रात्री दोनला मधला दांडा मोडला आणि पहाटेपर्यंत आम्ही चौघं तंबूत नव्हतो, तंबू पांघरून बसलो होतो. भाडेवाल्याने डिपॉझिट ठेवून घेतलं ते वेगळंच. तेव्हापासून पाचनईत कुणाच्या तरी घरी मुक्काम, नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, आणि रात्रभर कौलांवरून जाणारा वारा गोधडीत पडून ऐकायचा. खरं सांगू का, अर्धी मजा त्यात आहे.

उतरताना अंधाराच्या दोन तास आधी निघा, धुक्यात वाट चुकली की दोन तास लगेच संपतात. दुचाकी असेल तर घाटातल्या उघड्या वळणांवर वेग कमी, बाजूचा झोत गाडी पांढऱ्या पट्टीपलीकडे नेतो, आणि दरडीखाली थांबून भजी खाऊ नका, भजी पुढच्या गावातही मिळतात. घरी आल्यावर बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दर दोन तासांनी बदला, उन्हाची वाट बघू नका, ते गणपतीपर्यंत येत नाही. कान मात्र दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाजत राहतात, ऑफिसात एसीचा आवाज ऐकूच येत नाही.